सहा मिनिटांचा कॉलम

"मशीन खोटं बोलत नाही, नागवेकर."

हे वाक्य माझं आहे. दसरा उलटून दोन दिवस झाले होते. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात, मॅनेजरच्या केबिनमध्ये, समोर उभ्या असलेल्या माणसाला मी बसल्या जागेवरून ते ऐकवलं. मी तेव्हा तिशीची होते, एम.एस्सी. होते आणि कारखान्यातल्या सर्वांत महागड्या यंत्राची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. अशा माणसाला नम्रपणा जरा उशिराच सुचतो.

आधी ते यंत्र काय करायचं ते सांगते, कारण माझ्या सासरच्यांना ते तीस वर्षांत कळलं नाही. आमच्याकडे दोन औषधांची भुकटी बनायची, एक तापावरची आणि दुसरी जंतांवरची. भुकटी पिंपात भरून मुंबईला जायची, गोळ्या तिकडे व्हायच्या. पिंप फाटकाबाहेर पडण्याआधी त्यात जे असायला हवं तेच आहे ना, आणि दुसरं काही नाही ना, हे बघणं माझं काम. त्यासाठी एक पोलादी नळी असते, तिला कॉलम म्हणतात. नळीत सिलिकाची बारीक पूड गच्च भरलेली, आणि पुडीच्या प्रत्येक कणावर तेलकट अस्तर. पंपाने मिथेनॉल आणि पाणी त्यातून दाबाने ढकलायचं आणि तोंडाशी नमुन्याचा थेंब सोडायचा. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर लिलावाच्या वेळी पन्नास माणसं एकदम शिरली, तर ज्याला नुसता बांगडा हवा तो पाच मिनिटांत बाहेर पडतो, आणि जो प्रत्येक टोपलीशी घासाघीस करत थांबतो तो सगळ्यांत शेवटी. थेंबातल्या पदार्थांचंही तेच होतं. ज्याला अस्तराचा लळा जास्त, तो मागे रेंगाळतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला एक दिवा बाहेर पडणाऱ्यांची दखल घेतो आणि कागदाच्या पट्टीवर पेन एकेका पदार्थाचं एकेक शिखर काढतं.

आता सगळ्या जगात हे चुटकीसरशी होतं म्हणतात. आमचा कॉलम फूटभर लांब होता, आतले कण दहा मायक्रॉनचे आणि ओबडधोबड. एका नमुन्याला चाळीस मिनिटं. त्यातही लवकर येणारे पदार्थ बरे टोकदार यायचे, पण शेवटी येणारा वाटेत इतका पसरायचा की शिखराऐवजी आमच्याकडच्या कातळाच्या सड्यासारखा लांबच लांब सपाट उंचवटा दिसायचा. मध्येच वीज गेली तर पंप बंद, दाब खाली, आणि यंत्र पुन्हा ठिकाणावर यायला पाऊण तास. वीज रोज जायची.

त्या वर्षी देसाई साहेबांच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरच्या, गळ्यात मुंबईच्या एका विक्रेत्याने नव्या जातीचा कॉलम मारला. बोटभर लांब. आतले कण तीन मायक्रॉनचे आणि मोहरीसारखे गोल. कण बारीक आणि एकसारखे असले की पदार्थाला आत शिरून बाहेर यायला अंतर थोडं पडतं, त्याला पसरायला सवड मिळत नाही, आणि म्हणून नळी आखूड असली तरी चालते. चाळीस मिनिटांचं काम सहा मिनिटांत होईल, असं विक्रेता छातीवर हात ठेवून सांगून गेला. मात्र इतक्या बारीक पुडीत एक कण घाण अडकली तरी नळी तुंबणार, आणि नवी यायला सहा महिने लागणार. मी ती पेटी महिनाभर कपाटात ठेवून दिली. साहेबांनी विचारलं की "जुन्यावरचं काम हलकं झालं की लावते" असं म्हणायचे. खरं कारण भीती हेच होतं.

दसरा मंगळवारी होता. सोमवारी, खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. एरवी वर्षभर लॅबमधल्या तिघा पुरुषांना माझ्या बाई असण्याची आठवण व्हायची नाही, पण त्या दिवशी ताम्हन आपोआप माझ्या हातात यायचं. मला राग यायचा आणि मी ते करायचे, दोन्ही. वडिलांचं वाणसामानाचं दुकान होतं, तिथली ताजी दळलेली हळद मी पुडीत बांधून आणायचे. पंपाला, तराजूला, भट्टीला आणि टेबलावर मांडलेल्या झाडून सगळ्या अवजारांना हळदीकुंकवाचं बोट लागलं, झेंडूची फुलं वाहिली, पेढे वाटले. दसऱ्याची सुट्टी झाली. बुधवारी सकाळी मीच ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं आणि कामाला लागले.

बुधवारचा पहिला नमुना तापाच्या औषधाचा होता. औषधाचं शिखर नेहमीच्या जागी आलं. मग अठ्ठाविसाव्या मिनिटाला पेन हळूहळू वर चढायला लागलं, आणि जिथे सरळ रेषा हवी तिथे एक रुंद उंचवटा काढून खाली आलं. मी पट्टीकडे बघत राहिले. अठ्ठाविसावं मिनिट ही आमच्या जंतांच्या औषधाची जागा होती.

दुपारी पिंपातून दुसरा नमुना काढून पुन्हा चाचणी लावली. पुन्हा तोच उंचवटा, त्याच जागी.

आता हे जंतांचं औषध तापाच्या औषधात येणार कुठून? दोन्ही भुकट्या एकाच ड्रायरमध्ये सुकायच्या. ड्रायर म्हणजे खोलीएवढं लोखंडी कपाट, आत ट्रेच्या रांगा आणि गरम हवा. त्यात आधीच्या आठवड्यात जंतांचं औषध सुकलं होतं. मधे तो धुवायचा असतो. धुण्याच्या नोंदीवर सही होती, आर. नागवेकर.

नागवेकर मूळचा नाटे गावचा. पंधरा वर्षं मच्छीमारी बोटीवर काढली, मग कानात कायमचा ठणका सुरू झाला आणि डॉक्टरांनी समुद्र बंद केला. मिरकरवाड्यात मेव्हण्याच्या शेजारी बिऱ्हाड केलं होतं. आमच्याकडे तो तात्पुरत्या नेमणुकीवर होता आणि दिवाळीनंतर कायम व्हायचा होता. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा, पण कारखान्यात सगळे त्याला अरेतुरे करायचे, मीसुद्धा.

गुरुवारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी पट्टी टेबलावर पसरून ठेवली होती.

"ड्रायर धुतला होतास?" साहेबांनी विचारलं.

"धुतलंय साहेब. माज्या हातान धुतलंय."

"मग हे काय आहे?"

त्याने वाकून पट्टीवरच्या उंचवट्याकडे बघितलं. "माका काय कळताला ह्यातला? पण मी धुतलंय. चार पाण्यान धुतलंय, बाय."

हे 'बाय' मला उद्देशून होतं. मी त्याच्या बाजूने काही बोलेन अशी त्याची अपेक्षा असावी. त्यावर मी ते मशीनबद्दलचं वाक्य बोलले. साहेबांनी ड्रायरला सील ठोकायला सांगितलं, नागवेकरला घरी पाठवलं आणि शनिवारी दुपारी चार वाजता चौकशी ठेवली. औषधात भलतं औषध मिसळणं ही साधी चूक नव्हे. ताप आला म्हणून कोणा गरोदर बाईने गोळी घ्यावी आणि त्यात जंतांचं औषध निघावं, हे चालत नाही. नागवेकरची नोकरी जाणारच होती, आणि आमची वसाहत एवढीशी की इथून असा निघालेल्याला दुसऱ्या फाटकात कोणी उभं केलं नसतं. बोटीवर तर तो परत जाऊच शकत नव्हता. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं.

तो गेल्यावर साहेब म्हणाले, "बाई, हा उंचवटा म्हणजे मला धुकं वाटतं. चौकशीच्या कागदाला जोडायला जरा स्वच्छ काही द्या. तो नवा कॉलम आणलाय तो काय पूजेला?"

म्हणून मी कपाट उघडलं. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मला नागवेकरची दया आली नव्हती. तो खोटं बोलतोय हे मला टोकदार, देखण्या शिखराने सिद्ध करायचं होतं.

शुक्रवारी सकाळी जुना कॉलम काढला आणि त्याच्या जागी नवा बसवला. पंप सुरू केला. दाबाचा काटा असा चढला की माझा हात बंद करायच्या बटणावर होता. काटा थांबला, नळी तुंबली नाही. नमुना सोडला. दुसऱ्या मिनिटाला पेन हललं आणि त्याने जे काढलं ते शिखर नव्हतं, टेकडी नव्हती, लोळणारी म्हैस होती. तापाचं औषध, पुढचं मागचं, सगळं एकात एक मिसळलेलं. जुन्या कॉलमवर निदान औषध तरी वेगळं दिसायचं. मी पुन्हा नमुना सोडला, पुन्हा म्हैस. तेवढ्यात वीज गेली ती दीड तासाने आली, आणि आल्यावर वीस मिनिटांत पुन्हा गेली.

दुपारी मी पोस्टात जाऊन मुंबईला विक्रेत्याला फोन लावला आणि त्याला मनसोक्त झोडपलं. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बाई, पेटीत एक कागद होता. वाचलात?"

कागद होता. मी तो वाचला नव्हता. कागदाबरोबर वीतभर लांबीची केसासारखी बारीक पोलादी नळीही होती, ती मी सुटं सामान समजून खोक्यात टाकली होती. पोस्टातून परत आल्यावर मी तो कागद एका दमात वाचून काढला, आणि शुक्रवारचा सगळा दिवस मी फुकट घालवला हे कळलं. नव्या कॉलममधून पदार्थ मोजून मापून, एवढ्याशा थेंबात गोळा होऊन बाहेर येतो. आमच्या यंत्रात कॉलमपासून दिव्यापर्यंत जी जोडनळी होती ती हातभर लांब आणि आतून ऐसपैस, दहा मायक्रॉनच्या जमान्यातली. कॉलमने वेगळे करून दिलेले पदार्थ त्या नळीत पुन्हा एकमेकांत मिसळत होते. दिव्याच्या पेटीवर एक बटणही होतं, हळू आणि जलद. ते मी कधी हलवलं नव्हतं. 'हळू'वर ठेवलेलं यंत्र एवढ्या झटपट जाणाऱ्या पदार्थाची नोंद सावकाश घेत होतं. कॉलम चांगलाच होता, त्याच्या भोवतालचं सगळं जुनं होतं आणि मी त्यात पहिल्या नंबरावर.

शनिवारी सात वाजताच लॅब उघडली. केसाएवढी नळी एकच होती. ती बसवताना तिच्यावर मण्याएवढं एक पोलादी कडं सरकवायचं आणि वरून नट आवळायचा. आवळला की ते कडं नळीला कायमचं चावतं, पुन्हा सुटत नाही. नळी आत पुरती टेकलेली नसताना आवळलं तर पुढे मोहरीएवढी पोकळी उरते आणि सगळं मुसळ केरात. मी नळी आत दाबून धरली, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाना फिरवायचा, आणि घामाने पाना निसटत होता. दोनदा हात पदराला पुसले. मग डोळे मिटून आवळलं. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच.

दुसरी बाजू जोडली, बटण 'जलद'वर केलं, पट्टीचा वेग वाढवला. साडेनऊला नमुना सोडला.

दीड मिनिटाला औषधाचं शिखर आलं, सुईसारखं. असं शिखर मी फक्त कंपन्यांच्या माहितीपत्रकात बघितलं होतं. माझा आनंद पोटात मावेना. मग चौथं मिनिट उलटलं आणि पेन पुन्हा वर गेलं, खाली आलं. पुन्हा वर गेलं, खाली आलं. आणि तिसऱ्यांदा गेलं.

जिथे एक उंचवटा होता तिथे तीन शिखरं होती, लहान, मध्यम, मोठं, लागून पण वेगळी. मी लगेच शुद्ध जंतांच्या औषधाचा थेंब सोडला. त्याचं एकच शिखर आलं, आणि ते तिघांच्या आधी येऊन गेलं. तिघांपैकी एकावरही बसलं नाही.

पट्ट्या एकावर एक ठेवून मी खिडकीच्या उजेडात धरल्या. पुन्हा धरल्या. जुन्या कॉलमवर हे सगळं पसरून त्या जागी एकत्र होत होतं म्हणून ते मला जंतांचं औषध वाटलं होतं. ते जंतांचं औषध नव्हतं. मशीन खोटं बोललं नव्हतं, पण त्याने सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त मी ऐकलं होतं.

धावत साहेबांकडे गेले. त्यांनी पट्ट्या बघितल्या. "म्हणजे जंतांचं औषध नाही. मग काय आहे?"

"माहीत नाही."

"मग नागवेकरला काय फरक पडला, बाई? ड्रायरमध्ये दुसरी काही घाण असेल. मुंबईच्या लोकांना मी काय सांगू, काहीतरी आहे पण ते काय ते आमच्या बाईंना माहीत नाही? चार वाजेपर्यंत सांगा."

त्यांचं बरोबर होतं. सव्वादहा वाजले होते आणि अकराला वीज जायची शक्यता होती. जुना कॉलम असता तर मी हात टेकले असते. दिवसभरात चार चाचण्या, त्याही वीज राहिली तर. आता माझ्याकडे सहा मिनिटं होती आणि विचारायला पाहिजेत तितके प्रश्न होते. नुसतं मिथेनॉल सोडलं, पट्टी कोरी. औषधाचं शुद्ध द्रावण सोडलं, एकच शिखर. वीज गेली. पावणेबाराला आली. नव्या कॉलमचा दाब बसायला दहाच मिनिटं लागली.

मग मला एक सुचलं, आणि ते मला बुधवारीच सुचायला हवं होतं. प्रत्येक बॅचचा थोडा नमुना आम्ही बाटलीत जपून ठेवायचो. गणपतीच्या आधी पास केलेल्या, नागवेकरचा ड्रायर घाण होण्याच्या कितीतरी आधीच्या बॅचची बाटली काढली. नेहमीसारखं द्रावण केलं, गाळलं, सोडलं.

तीन शिखरं.

हा माल मीच दीड महिन्यापूर्वी निर्मळ म्हणून पास केला होता, आणि फायलीतली तेव्हाची पट्टी अठ्ठाविसाव्या मिनिटाला कोरी होती. म्हणजे घाण ड्रायरमध्ये नव्हती, पिंपात नव्हती. ती माझ्या टेबलावर होती.

मग मिथेनॉल आणि शुद्ध द्रावण कोरे कसे येतात? मी नमुन्याची एकेक पायरी बोटांवर मोजली. तोललं, विरघळवलं, गाळलं, सोडलं. शुद्ध द्रावण काचेसारखं नितळ असतं म्हणून मी ते गाळत नव्हते. मिथेनॉलही गाळत नव्हते. नमुना तेवढा गाळत होते. गाळणी म्हणजे पोलादाची दोन झाकणं, एकमेकांत आट्यांनी बसणारी, मध्ये जाळीचा कागद. मी तिच्यातून नुसतं मिथेनॉल गाळलं आणि सोडलं. चौथ्या मिनिटाला पेन वर चढायला लागलं तेव्हा मी बघत थांबले नाही, गाळणी उघडून खिडकीशी नेली. आट्यांच्या खाचेत, खोलवर, पिवळी रेघ होती.

वरच्या झाकणावर सोमवारी मी बोट टेकवलं होतं. मिथेनॉलमध्ये हळद पाण्यापेक्षा कितीतरी चांगली विरघळते, हे बी.एस्सी.च्या पोरालाही सांगता येईल. ओल्या फडक्याने मी वरची पुसली, आट्यांतली तशीच राहिली, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर चिमूट चिमूट सुटत गेली.

खणात पूजेची पुडी होती, आमच्या दुकानाच्या कागदात बांधलेली. त्यातली हळद मिथेनॉलमध्ये घालून निवळू दिली आणि वरचं नितळ मिथेनॉल सोडलं. सहा मिनिटांत तीन शिखरं आली, त्याच क्रमाने, त्याच जागी. वडील भेसळ करत नसत एवढं समाधान तेव्हाही मनाच्या कोपऱ्यात वाटून गेलं, आणि त्याचीही लाज वाटली. दोन वाजून गेले होते.

तिथून चार वाजेपर्यंत मी काय केलं ते सांगायला हवं. काहीच केलं नाही. गाळणी समोर ठेवून बसून राहिले. मी गाळणी धुवून टाकली असती आणि 'घाण यंत्रात होती, यंत्र धुतल्यावर माल निर्मळ' असा दोन ओळींचा कागद दिला असता, तर कोणी काही विचारलं नसतं. नागवेकर सुटला असता, मीही सुटले असते. कागद लिहायलासुद्धा घेतला होता. पण त्या माणसाने मला 'बाय' म्हणून साद घातली होती आणि मी त्याला मशीन दाखवलं होतं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. कागद फाडला.

चार वाजता केबिनमध्ये नागवेकर दाराशी उभा होता, धुवट शर्ट, केसांना तेल, देवळात आल्यासारखा. मी पट्ट्या, गाळणी आणि हळदीची पुडी टेबलावर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. हळदीचं बोट माझं, पुसलं मी, गाळणी तपासायची राहिली तीही माझीच चूक.

साहेब आधी हसले. मग हसणं आवरून म्हणाले, "बरं झालं, माल वाचला. गाळणीत अशुद्धी आढळली, एवढं लिहा. पूजाबिजा मुंबईला कळवायचं कारण नाही." मी तेवढंच लिहिलं. 'आढळली.' कोणाच्या बोटाने, ते त्या अहवालात नाही. ते आज इथे लिहिते आहे.

"मी जाव?" नागवेकरने विचारलं.

"जा, जा. सोमवारपासून ये कामावर," साहेब म्हणाले. तो गेला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

रविवारी सकाळी मी मिरकरवाड्याला गेले. जेट्टीच्या अलीकडे, बर्फाच्या कारखान्याच्या सावलीत, तो मेव्हण्याचं जाळं सांधत बसला होता. मला बघून उठला नाही, पण बाजूचं पालथं टोपलं माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही.

"चूक माझी होती, नागवेकर. मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

बांबूच्या सुईने तो गाठी मारत राहिला. मग बोलला, न रागावता.

"ता मशीन गुरुवारी म्हणाला, नागवेकर लबाड. तुमी मानलात. शनवारी म्हणाला, नागवेकर खरो. ता पण मानलात. मदी तीन दिवस मी म्हणत होतंय, ता कोणी ऐकल्यान नाय. माजी बायल सुदा माका इचारी, खरा सांगा, धुतलात काय?"

मी तशीच परत आले.

सोमवारी पहिल्या पाळीला ड्रायरचं सील काढलं. साडेसातला निरोप आला, नागवेकर तुम्हाला वर बोलावतोय. मी गेले. सात वर्षं त्या कारखान्यात होते आणि ड्रायर धुताना मी कधी बघितला नव्हता. सही बघायचे. त्याने सगळे ट्रे बाहेर काढले, पहिलं पाणी मारलं, दुसरं मारलं. मग दाराच्या कडेची रबरी पट्टी ओढून काढली. ती काढायला कोणी सांगितलं नव्हतं, आमच्या धुण्याच्या पद्धतीत ते नव्हतंच. पट्टीमागच्या खाचेत त्याने खिशातली जाळ्याची सुई घातली आणि वरपासून खालपर्यंत खरवडत नेली. शेवटी सुकलेल्या तापाच्या औषधाची पांढरी भुकटी बाहेर आली. तिसरं पाणी, चौथं पाणी. शेवटच्या पाण्यातलं थोडं काळा रंग दिलेल्या पत्र्यावर ओतलं आणि पत्रा वाफेच्या गरम नळीवर धरला. पाणी आटलं. पत्र्यावर पांढरा डाग उठला नाही, तेव्हा त्याने तो पत्रा माझ्यासमोर धरला.

"ह्या माजा मशीन," तो म्हणाला. "बगा."

मी बघितलं. पत्रा काळाच होता.

त्या आठवड्यात मी ते सगळं ओळीने लिहून काढलं. रबरी पट्टी काढणं, खाच खरवडणं, चार पाणी, काळा पत्रा. साहेबांना आवडलं, मुंबईच्या लोकांना त्याहून आवडलं, आणि कारखान्याची ड्रायर धुण्याची अधिकृत पद्धत म्हणून ते भिंतीवर लागलं. मी निवृत्त झाले तेव्हाही तिथेच होतं. खाली 'तयार करणार' म्हणून माझी सही आहे. नागवेकरचं नाव घालायला त्या छापील कागदात जागा नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.